अंगावर काढलेले रोजे

मार्च २०२५ मध्ये दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीच्या उपांत्य सामन्यात मोहम्मद शमी सीमारेषेजवळ एनर्जी ड्रिंक पिताना कॅमेऱ्यात दिसला आणि पुढचे काही दिवस देशाला दुसरा विषय उरला नाही. ऑल इंडिया मुस्लिम जमातचे अध्यक्ष मौलाना शहाबुद्दीन रझवी बरेलवी यांनी रोजा न ठेवल्याबद्दल त्याला शरियतच्या नजरेत गुन्हेगार ठरवलं. दुसऱ्या मौलानांनी लगेच सांगितलं, की तो प्रवासात आहे आणि प्रवाशाला कुराणातच सूट आहे. मग नेहमीचा तमाशा. एका बाजूने 'बघा, हे लोक किती मागासलेले', दुसऱ्या बाजूने 'रोजा म्हणजे शुद्ध विज्ञान'. शमीचं काही बिघडलं नाही. धडधाकट माणूस, अंतिम सामना खेळून चषक घेऊन घरी आला. पण कुराणाच्या ज्या आयतीने, म्हणजे वचनाने, प्रवाशाला सूट दिली आहे, तिच्यात प्रवाशाच्या आधी आजारी माणसाचा उल्लेख आहे. त्याच्याबद्दल त्या गदारोळात फारसं कोणी बोललं नाही. कोट्यवधी लोकांसमोर, हक्काची सूट असलेल्या खेळाडूला घोटभर पिण्यावरून एवढं ऐकावं लागतं, तर मुंब्र्यातल्या एखाद्या घरात सासू-नणंदांसमोर भरदुपारी पाणी पिऊन गोळी घेणाऱ्या बाईने कुठे तोंड लपवायचं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मधुमेह असलेल्या बऱ्याच जणांनी रोजा धरू नये, आणि बऱ्याच जणांना तो नीट तयारीने धरता येतो. कोण कुठल्या गटात, हे ठरवायची रीत वैद्यकाकडे तयार आहे. ज्याने धरू नये त्याच्यासाठीची सूट धर्माकडे चौदाशे वर्षांपासून तयार आहे. तरीही दर रमजानात माणसं साखर कोसळून किंवा चढून दवाखान्यात पोचतात, कारण बहुतेक डॉक्टर रोज्याबद्दल विचारत नाहीत आणि बहुतेक मौलाना आजाराबद्दल बोलत नाहीत. या दोघांना जाब विचारायचा सोडून आपण रोजा चांगला की वाईट यावर घसा कोरडा करत बसतो.

शरीरात काय घडतं ते थोडक्यात पाहू. निरोगी माणसाचं शेवटचं जेवण पचून गेलं की यकृतातली साठवलेली साखर हळूहळू रक्तात येऊ लागते, त्याच वेळी स्वादुपिंड इन्सुलिन आवरतं घेतं, आणि दिवसभर पातळी सावरलेली राहते. मधुमेह्याचं हे सावरणंच बिघडलेलं असतं, त्यात औषधाची भर. ग्लिबेनक्लामाइडसारखी जुनी, स्वस्त गोळी पोटात अन्न आहे की नाही ते पाहत नाही, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतच राहते. सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, नेहमीच्या सवयीने ती घेतली, की असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाच्या सुमाराला हातपाय थरथरायला लागतात, दरदरून घाम फुटतो, डोकं चालेनासं होतं. घरचे म्हणतात, आज रोजा लागला. तो म्हणतो, अजानला अर्धाच तास राहिलाय. त्या अर्ध्या तासात माणूस बेशुद्ध पडू शकतो. इफ्तारनंतर चित्र उलटं. खजूर, भजी, समोसे, सरबत, वर मालपुवा, आणि रक्तातली साखर तीनशेच्या पुढे. ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, तो टाइप वनचा रुग्ण 'खायचंच नाही तर इन्सुलिन कशाला' म्हणून सुई टाळतो, तेव्हा रक्तात आम्लं साठतात आणि प्रकरण थेट अतिदक्षता विभागात जातं. पाणी नसल्यामुळे, मूत्रपिंडं आधीच अधू असलेल्यांचे हाल वेगळेच.

हे अंदाजपंचे नाही. एपिडायर नावाचा अभ्यास २००१ च्या रमजानात १३ देशांतल्या १२ हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांवर झाला. टाइप टूच्या रुग्णांपैकी ७९ टक्के आणि टाइप वनच्यांपैकी ४३ टक्के लोकांनी किमान १५ रोजे धरले होते. दवाखान्यात न्यावं लागेल इतकी साखर खाली जाण्याचं प्रमाण टाइप वनमध्ये पावणेपाच पट आणि टाइप टूमध्ये साडेसात पट वाढलं. साडेसात पट हा आकडा चॅनेलवाल्यांना आवडण्यासारखा आहे. तो उलगडून पाहिला तर टाइप टूच्या शंभर रुग्णांमागे महिन्याला ०.४ वरून ३, असा तो आहे. म्हणजे बहुतेकांना असं काही झालं नाही. रोज्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा मुद्दा खरा आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. ज्याच्या तीन पिढ्यांनी रोजे धरले, ज्याच्या शेजारचा मधुमेही काका ईदला ठणठणीत शीरखुर्मा खातो, त्याला 'रोजा म्हणजे मृत्यू' सांगून कोण ऐकणार? ऐकणार नाहीच, शिवाय पुढे जे खरं सांगायचं आहे तेही ऐकणार नाही. पण शंभरात तीन म्हणजे नगण्य, असंही कोणी समजू नये. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत मुस्लिमांची संख्या सुमारे १.३ कोटी होती. नुसत्या आपल्या राज्याचा हिशेब लाखांत जातो, आणि लाखांतले तीन टक्के म्हणजे कित्येक इस्पितळं भरतील.

'रोजा म्हणजे विज्ञान' वाल्यांचा लाडका पुरावा म्हणजे जपानचे योशिनोरी ओसुमी. त्यांना २०१६ मध्ये नोबेल मिळालं ते पेशी स्वतःचेच निकामी भाग कसे पचवून टाकतात, या शोधासाठी. ते काम यीस्टवर होतं. उपाशी ठेवलेल्या यीस्टच्या पेशीत काय दिसलं, यावरून भिवंडीतल्या साठ वर्षांच्या, इन्सुलिनवर असलेल्या माणसाने पंधरा तास पाण्याविना राहावं की नाही, हे ठरत नाही. ओसुमींनी तसं म्हटलेलंही नाही. गंमत अशी, की विरुद्ध बाजूचेही इथे तितकेच घसरतात. दिवसातून दोनदाच जेवायच्या दीक्षित आहारपद्धतीचे गोडवे गाणारी मंडळी रोज्याचं नाव काढलं की 'उपाशी राहणं किती घातक' म्हणून नाक मुरडतात. दोन जेवणांमध्ये मोठं अंतर ठेवणं स्वतःहून अमृतही नाही आणि विषही नाही. कोणाच्या शरीरात, कुठल्या औषधावर, पाण्यासह की पाण्याविना, एवढं विचारल्याशिवाय त्याबद्दल काहीही म्हणण्यात अर्थ नाही.

आता माझ्या विरोधातला सगळ्यात वजनदार युक्तिवाद. तो डॉक्टरांकडून येतो. ते म्हणतात, तुमची ही बारीक वर्गवारी कागदावर छान आहे. आमच्या ओपीडीत एका रुग्णाला पाच मिनिटं मिळतात. 'तुम्ही धरू शकता, तुम्ही धरू नका' असं सांगितलं, की 'डॉक्टर म्हणाले चालतं' एवढंच वाक्य मोहल्ल्यात फिरतं आणि ज्याला बंदी होती तोही धरतो. त्यापेक्षा सरसकट सांगावं, साखर आहे ना, रोजा बंद. साधा निरोप, जीव वाचतात. यात तथ्य आहे. सार्वजनिक आरोग्यात साधा निरोप नेहमीच गुंतागुंतीच्या निरोपापेक्षा लांब जातो.

पण जीव खरंच वाचतात का? सरसकट 'नाही' ऐकलेला रुग्ण काय करतो, याचा अंदाज वरच्या ७९ टक्क्यांवरून येतो. तो धरतो. फरक इतकाच, की आता तो डॉक्टरला सांगत नाही. सकाळची गोळी सहरीला घ्यायची की इफ्तारला, हे तो मेडिकलवाल्याला किंवा मेहुण्याला विचारतो. १८९७ च्या पुण्यात प्लेगविरुद्धचे सगळेच उपाय वैद्यकाच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. रँडच्या अमलाखाली गोऱ्या सोजिरांनी ज्या पद्धतीने घरांची झडती घेतली, तिने माणसांना रुग्ण लपवायला शिकवलं. दवाखान्यातला 'नाही' बंदुकीसह येत नाही, हे खरं, पण रुग्णाला लपवायला तोही शिकवतोच.

दुसरा दाखला मुस्लिम देशातलाच आहे. ट्युनिशियाचे राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबा यांनी फेब्रुवारी १९६० मध्ये, रमजान तोंडावर असताना, जाहीर केलं की मागासलेपणाविरुद्धची लढाई हा जिहाद आहे, आणि लढाईत रोजा सोडायची मुभा असते, तेव्हा कामगारांनी पोटभर खाऊन काम करावं. पुढे त्यांनी भर रमजानात लोकांसमोर संत्र्याचा रस प्यायल्याचंही सांगितलं जातं. बुर्गिबा साधेसुधे पुढारी नव्हते. स्वातंत्र्य मिळवून देणारे, बहुपत्नीत्व कायद्याने बंद करून दाखवणारे. त्यांचा धार्मिक आधारही हवेतला नव्हता. मक्केवरच्या मोहिमेत, ऐन रमजानात, पैगंबरांनी सगळ्यांच्या देखत पाणी पिऊन रोजा सोडल्याची हदीस, म्हणजे पैगंबरांची आठवण, मुस्लिमांना ठाऊक आहे. तरी ट्युनिशियाच्या बड्या उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, साथ दिली नाही आणि लोक रोजे धरतच राहिले. वरून, सरकारी आवाजात आलेली सूट लोकांना सूट वाटलीच नाही. ज्यांच्या शब्दाला रोज्याच्या बाबतीत वजन आहे, त्यांच्या तोंडून ती यायला हवी होती.

उलट बाजूचा अनुभव लंडनमधला आहे. तिथे रमजानच्या आधी मधुमेह्यांना दोन तासांचं शिक्षण दिलं गेलं. काय खायचं, औषध कसं बदलायचं, साखर कधी तपासायची. अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, रुग्ण शंभराच्या आसपास होते, म्हणजे फार मोठा नाही. शिक्षण घेतलेल्यांमध्ये साखर खाली जाण्याचे प्रसंग ९ वरून ५ वर आले. न घेतलेल्यांमध्ये ९ वरून ३६ वर गेले. पाच मिनिटांच्या ओपीडीत हे जमणार नाही, हे मान्य. पण ते डॉक्टरनेच करावं असं कुठे आहे? परिचारिका करू शकते, आशाताई करू शकते, आणि एका वेळी तीस जणांना करू शकते.

इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशन आणि डायबेटिस अँड रमदान ही आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून २०१६ मध्ये मार्गदर्शिका काढली आणि २०२१ मध्ये सुधारली. तिच्यात गुणांची पद्धत आहे. मधुमेहाचा प्रकार, किती वर्षांचा, कुठलं औषध, मूत्रपिंडांची स्थिती, गरोदरपण, वय आणि अशक्तपणा, अंगमेहनतीचं काम, रोजा किती तासांचा. बेरीज सहाच्या वर गेली तर रोजा धरू नये. तीनपर्यंत असेल तर औषध बदलून, तपासत, धरता येईल. मधल्या गुणांत सुरक्षिततेची खात्री देता येत नाही. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी ही भेट व्हावी. आणि रोजा चालू असताना साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर त्या क्षणी सोडायचा, अजानला पाचच मिनिटं उरली असली तरी. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. इन्सुलिनच्या सुईनेही तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात. या दोन साध्या गोष्टी जुम्म्याच्या बयानात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, वर्षातून एकदा सांगितल्या, तरी कित्येक ग्लुकोमीटर कपाटातून बाहेर येतील.

आणि इथे मौलानांना प्रश्न विचारायला हवा. सूट आहे हे कोणी नाकारत नाही. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयती त्यांना तोंडपाठ आहेत. अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, त्रास नको आहे, हा त्यातल्याच एका आयतीचा आशय. बरा होणारा आजार असेल तर नंतर कजा, म्हणजे सुटलेले रोजे भरून काढणं, कायमचा असेल तर दर रोज्यामागे एका गरिबाला जेवण, म्हणजे फिदिया. सगळं लिहिलेलं आहे. मग ही सूट घेणारा माणूस मोहल्ल्यात ओशाळल्यासारखा का वागतो? कारण रमजानभर बयानांत रोज्याचं पुण्य, रोजा सोडण्याचं पाप आणि आजारातही रोजा न सोडणाऱ्यांच्या कौतुकाच्या कहाण्या असतात, आणि सुटीचा उल्लेख असतो एखाद्या वाक्यापुरता, तोही कोणी विचारलं तर. सहनशक्तीचं कौतुक इतकं वाढतं, की सूट घेणं म्हणजे कमकुवत इमानाची कबुली होऊन बसते.

अबू दाऊद यांच्या संग्रहात एक हदीस आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्याला गुस्ल, म्हणजे शुद्धीचं स्नान, करणं भाग होतं. त्याने सोबत्यांना विचारलं, पाण्याऐवजी तयम्मुम, म्हणजे कोरड्या मातीने शुद्धी, केलं तर चालेल का? ते म्हणाले, पाणी आहे तर तुला सूट नाही. त्याने स्नान केलं आणि तो मेला. ही गोष्ट कानावर आली तेव्हा पैगंबर म्हणाले, त्यांनी त्याला मारलं. ठाऊक नव्हतं तर विचारलं का नाही? अज्ञानावरचा उपाय विचारणं हाच आहे. पैगंबरांचा राग कोणावर आहे, ते पाहावं. सूट मागणाऱ्यावर नाही, त्याच्या आजाराची माहिती न घेता ती नाकारणाऱ्यांवर आहे. साखर साडेतीनशे असलेल्या माणसाला 'अल्लाहवर भरोसा ठेव' म्हणून रोज्याला बसवणाऱ्या नातलगांनी आणि ते पाहून गप्प राहणाऱ्या इमामांनी ही हदीस पुन्हा वाचावी. २०१६ च्या त्या मार्गदर्शिकेत इजिप्तच्या मुफ्तींचं मत घेतलेलं होतं, तेव्हा हे डॉक्टरांचं परकं शास्त्र आहे, अशी सबबही उरत नाही.

एव्हाना कोणीतरी विचारणार, फक्त मुसलमानांचंच का? बरोबर प्रश्न आहे, जरी तो बहुतेक वेळा उत्तर टाळण्यासाठी विचारला जात असला तरी. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपण उगाच नाही केली. मधुमेही आजी उपवासाला साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचे काप आणि शेंगदाण्याचे लाडू खाते, म्हणजे नुसतं पिष्ट आणि गूळ, आणि डॉक्टरही त्याबद्दल विचारत नाही. हरतालिकेला निर्जळी करणाऱ्या बाईची गोळी त्या दिवशी कोण बदलतं? तपासणी व्हायचीच तर सगळ्याच उपासांची व्हावी. मात्र फरकही प्रामाणिकपणे मांडायला हवा. रोजा सलग महिनाभर असतो, पाण्याविना असतो, आणि दिवसा तोंडाने औषध घेता येत नाही. मुंबईत ऋतूप्रमाणे तो साधारण सव्वाबारा ते पावणेपंधरा तासांचा. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, म्हणून २०१८ मध्ये तो मे-जूनच्या काहिलीत होता आणि २०३० च्या आसपास ऐन थंडीत असेल. येणारी काही वर्षं त्यातल्या त्यात सोपी आहेत. व्यवस्था बसवायची तर ती आत्ताच.

सरकारने यात का पडावं, असा आक्षेप निघतोच. धर्मनिरपेक्ष सरकारने रमजानचे दवाखाने चालवायचे का? त्याचं उत्तर दरवर्षी आषाढात पुणे-पंढरपूर रस्त्यावर उभं असतं. वारीत सरकारची आरोग्यपथकं असतात, रुग्णवाहिका असतात, फिरते दवाखाने असतात. मधुमेह्याने अडीचशे किलोमीटर चालणं पायांसाठी धोक्याचं आहे, हे प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. म्हणून कोणी वारी शास्त्रीय की अशास्त्रीय असा परिसंवाद भरवत नाही. पाय तपासतात, मलमपट्टी करतात, फारच चिघळलं असेल तर 'माऊली, आता गाडीत बसा' म्हणतात, आणि माऊली बसते. तिचा विठ्ठल काही रागावत नाही. तिशीपुढच्या सगळ्यांची साखर तपासायची सरकारी योजना चालूच आहे. मालेगावात, भिवंडीत, मुंब्र्यात ती शाबान, म्हणजे रमजानच्या आधीचा महिना, लागण्याआधी जोरात राबवावी, आणि यादीतल्या प्रत्येकाला 'रोजे धरणार का' एवढं विचारावं, याला वेगळं खातं उघडायला लागत नाही.

मालेगाव-भिवंडीची नावं सहज घेतली नाहीत. यंत्रमागावर बारा तासांची पाळी, पत्र्याखालची उष्णता, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि त्यात रोजा. गुणांच्या पद्धतीत अंगमेहनतीचे गुण धरलेले आहेत ते याचसाठी. कारखानदाराने महिनाभर पाळी बदलून दिली नाही तर डॉक्टरचा सल्ला कागदावरच राहणार. बायकांचं तर कुठल्याच तक्त्यात बसत नाही. सहरीसाठी सगळ्यांत आधी उठणारी तीच, इफ्तारचं तळणं करणारी तीच, तरावीहच्या रात्रीच्या नमाजाहून लोक परतेपर्यंत भांडी घासत बसणारीही तीच. मधुमेही बाईची झोप आणि जेवण दोन्ही मोडतं. घरात कोणी तिला 'तू सोड' म्हटलं तरी वाढणारी तीच असल्यामुळे सगळ्यांसमोर खायची तिला लाज वाटते. तिला सूट मिळवून द्यायची तर नवऱ्यापासून सासूपर्यंत सगळ्यांना त्या दोन तासांच्या वर्गात बसवावं लागेल.

राहता राहिला सगळ्यात अवघड रुग्ण. टाइप वन असलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, लहानपणापासून सुया टोचून घेणारा, मित्रांसारखे सगळे रोजे धरण्याचा हट्ट करणारा. त्याचे गुण बहुधा सहाच्या वर जातात. माझ्या मते त्याला 'नाही' असंच सांगावं, स्पष्ट, डॉक्टरनेही आणि इमामानेही, शक्य तर दोघांनी एकत्र बसून. तरी तो धरणार असेल, आणि त्या ४३ टक्क्यांकडे पाहता तसं होण्याची शक्यता मोठी आहे, तर त्याला दारातून परत पाठवू नये. इन्सुलिनचं वेळापत्रक बदलून द्यावं, दिवसातून किती वेळा तपासायचं ते लिहून द्यावं, तपासणीच्या पट्ट्या पुरवाव्यात, कारण त्यांचा खर्च महिन्याच्या किराण्याशी भांडतो, आणि पहिल्या रोज्याच्या संध्याकाळी त्याला फोन करावा. काही डॉक्टर याला तडजोड म्हणतील. आहेच ती.